यादीत ६४ वर्क प्रॉडक्ट्स आहेत, कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटखाली नेमकी कोणती घ्यायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १४ जणांची टीम, प्रोसेसच्या दस्तऐवजात ६४ वर्क प्रॉडक्ट्सची (कामातून तयार होणाऱ्या दस्तऐवज, कोड, फाइली अशा गोष्टींची) यादी, आणि तीन महिन्यांवर सीएमएमआय या प्रक्रियांच्या मॉडेलनुसार अप्रेझल, म्हणजे मूल्यमापन. मॅनेजरांचं म्हणणं, "सगळीच घाला सीएमखाली (कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटखाली), म्हणजे कोणी बोट ठेवायला नको." डेव्हलपरांचं म्हणणं, "कोड गिटमध्ये आहे, आणखी काय पाहिजे?" (गिट म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन.) आणि तुम्ही मधल्यामधे. मीटिंगची मिनिट्स, एस्टिमेशनचं एक्सेल, टेस्ट रिपोर्ट, ट्रेनिंगच्या नोंदी आणि एका सहकाऱ्याच्या मशीनवर पडून असलेल्या दोन डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट, यांवर तुमचं घोडं अडलंय. निकष काय, असं तुम्ही विचारलंय.

मी या कामात २० वर्षांहून जास्त आहे. आधी कोड लिहायचो, नंतर कॉन्फिगरेशन मॅनेजर झालो, आणि बहुतेक काळ उपकरणांत बसणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गेला. सगळं कुलुपात ठेवणाऱ्या टीमही पाहिल्या आणि काहीच न ठेवणाऱ्याही, आणि दोन्हीकडे हात पोळलेत. माझ्या मते तुमचे मॅनेजर आणि डेव्हलपर एकमेकांशी भांडत असले तरी चूक एकच करताहेत. 'सीएमखाली' म्हणजे एक खोली आहे आणि वस्तू एक तर आत नाहीतर बाहेर, असं दोघांनीही धरलंय.

एखादी गोष्ट सीएमखाली घेतली की तिच्या वाट्याला चार गोष्टी येऊ शकतात. तिला ओळख मिळते, म्हणजे नाव आणि आवृत्ती. जुनी आवृत्ती हवी तेव्हा परत मिळते. बदल कोणी, कधी, कशासाठी केला याची नोंद राहते. आणि चौथी, बदल करण्याआधी कोणाची तरी मंजुरी लागते. पहिल्या तीन आज जवळजवळ फुकट आहेत. आवृत्त्या जपणारं एससीसीएस १९७२ मध्ये आलं, गिट २००५ मध्ये, आणि आता तर नवीन फोल्डर बनवण्याइतक्या सहज रिपॉझिटरी (आवृत्त्यांसकट फाइलींचं कोठार) बनते. चौथी मात्र महाग आहे, कारण तिथे माणसांचा वेळ जातो आणि कामं अडकतात. त्यामुळे ६४ पैकी कोण आत, कोण बाहेर यावर भांडण्यापेक्षा चौथी गोष्ट कोणाकोणाला लागू करायची एवढंच ठरवा. तुमचा निम्मा वाद तिथेच मिटेल.

ही पळवाट नाही. सीएमएमआय स्वतः नियंत्रणाच्या वेगवेगळ्या पातळ्या मान्य करतं. विमानातल्या सॉफ्टवेअरचं डीओ-१७८सी तर त्याहून कडक, पण तिथेही कंट्रोल कॅटेगरी १ आणि २ असे दोन वर्ग आहेत. पहिल्यात बेसलाइन (मान्य करून गोठवलेली प्रत, पुढचे बदल तिच्यावरूनच मोजायचे), प्रॉब्लेम रिपोर्ट, बदलाचा रिव्ह्यू असं सगळं लागतं. दुसऱ्यात ओळख, जपणूक आणि अनधिकृत बदलांपासून संरक्षण एवढ्यावर भागतं. मजा म्हणजे टेस्ट केसेस आणि प्रोसिजर्स जास्त धोक्याच्या ए आणि बी पातळीच्या सॉफ्टवेअरला पहिल्या वर्गात येतात, आणि तीच कमी धोक्याच्या सी आणि डी पातळीला दुसऱ्या वर्गात. कागद तोच, पण चुकल्याची किंमत वेगळी म्हणून नियंत्रण वेगळं. विमानवाल्यांना हे चालतं, तर तुमच्या अप्रेझलला चालायला हरकत नाही.

आता मॅनेजरांच्या बाजूचा अनुभव. एका ठिकाणी मी रुजू झालो तेव्हा दोनशेहून जास्त गोष्टी बेसलाइनखाली होत्या. आठवड्याच्या मीटिंगच्या मिनिट्ससुद्धा. मिनिट्समध्ये एकाचं आडनाव चुकलं होतं, ते दुरुस्त करायला चेंज रिक्वेस्ट भरावी लागली, ती सीसीबीपुढे, म्हणजे बदल मंजूर करणाऱ्या समितीपुढे, गेली, आणि सात माणसांनी बसून एक काना मंजूर केला. मी स्वतः त्या सातांत होतो. महिन्याभरात लक्षात आलं की शेअर्ड ड्राइव्हवर 'चालू' नावाचं एक फोल्डर आहे आणि सगळी टीम त्यातूनच काम करते. रिक्वायरमेंटची खरी ताजी प्रत तिथे. सीएमच्या रिपॉझिटरीत होती ती चार महिन्यांपूर्वीची, नीट सह्या केलेली, कोणीही न उघडलेली. कडक कुलपाचा परिणाम इतकाच झाला, की लोकांनी मागचं दार उघडलं. आणि मागच्या दारावर ना आवृत्ती, ना नोंद.

डेव्हलपरांच्या बाजूचा अनुभव जास्त महाग पडला, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

एका मापन उपकरणाचं सॉफ्टवेअर होतं. रिलीज होऊन १४ महिने झालेले. ग्राहकाकडून तक्रार आली की ठराविक तापमानाच्या वर रीडिंग थोडं सरकतं. आम्ही निवांत होतो, कारण टॅग, म्हणजे त्या रिलीजच्या कोडवर लावलेली खूण, होता. टॅग चेकआउट केला, बिल्ड केला, आणि जी फाइल तयार झाली ती ग्राहकाकडच्या फाइलशी जुळेना. आकार तोच, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) वेगळा. आधी वाटलं बिल्डची तारीख आत शिरत असेल. ती होतीच, पण ती काढून टाकल्यावरही सुमारे अडीचशे बाइट्सचा एक पट्टा वेगळा निघत राहिला. मॅप फाइल (मेमरीत काय कुठे आहे ते सांगणारी) लावून पाहिली, तर तो सेन्सरच्या कॅलिब्रेशनचा तक्ता. तो एका सी फाइलमध्ये होता, ती फाइल एक स्क्रिप्ट तयार करायची, आणि 'जनरेट होणाऱ्या फाइली रिपॉझिटरीत ठेवायच्या नाहीत' या एरवी शहाण्या नियमामुळे ती वगळलेली होती. स्क्रिप्ट रिपॉझिटरीत होती. पण स्क्रिप्ट जे एक्सेल वाचायची ते एका इंजिनिअरच्या मशीनवर होतं. त्यानं मधल्या काळात त्यातल्या काही किमती सुधारल्या होत्या, अगदी योग्य कारणानं, आणि फाइल सेव्ह केली होती. त्याच नावानं.

मूळ तक्ता शेवटी आम्ही ग्राहकाच्या उपकरणाच्या मेमरीतून वाचून काढला. तीन माणसं, नऊ दिवस. कोडच्या एकाही ओळीत चूक नव्हती. ज्या गोष्टीला कोणी 'वर्क प्रॉडक्ट' म्हटलंच नव्हतं, जी कुठल्याच यादीत नव्हती, ती हरवली होती. तुमच्या ६४ च्या यादीबद्दल मला म्हणूनच पहिली शंका ही येते, की तिच्यात नको त्या गोष्टी आहेत हे ठीक, पण हव्या त्या नसतील तर? प्रोसेसच्या दस्तऐवजातून घेतलेल्या यादीत कागद भरपूर असतात. एक्सेल, स्क्रिप्ट, कंपायलरचे फ्लॅग्ज कोणी लिहीत नाही.

तेव्हापासून प्रत्येक गोष्टीला मी आधी दोन प्रश्न विचारतो. ही गोष्ट कोणालाही न कळता बदलली, तर कोणाचं काम चुकेल? आणि ही हरवली, तर ग्राहकाकडे गेलेलं रिलीज पुन्हा जसंच्या तसं उभं करता येईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "फक्त लिहिणाऱ्याचं" असेल तर मंजुरीची भानगड नको, आवृत्त्या ठेवल्या की बास. उत्तर "टेस्टरचं, दुसऱ्या टीमचं, ग्राहकाचं" असेल तर बेसलाइन आणि मंजुरी हवी, कारण ती गोष्ट म्हणजे दोन माणसांतला करार आहे आणि करार एकट्यानं बदलायचा नसतो. इंटरफेसचं वर्णन हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. एका फील्डची लांबी ८ वरून १० केली, बदलणाऱ्यासाठी दोन मिनिटांचं काम, पण समोरच्या टीमचा पार्सर आठवडाभरानं टेस्टमध्ये कोसळतो आणि तोवर कोणाला आठवतही नाही काय बदललं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर ती गोष्ट आत आलीच पाहिजे, मग तिला कोणी दस्तऐवज म्हणो वा न म्हणो.

सीएमएमआयमध्ये निवडीचे निकष उदाहरणादाखल दिलेले आहेतच: दोन किंवा अधिक गटांच्या वापरात असलेलं, चुका किंवा नव्या मागण्यांमुळे बदलत जाणारं, एक बदललं की दुसरं बदलावं लागतं असं परस्परांत गुंतलेलं, आणि प्रोजेक्टसाठी कळीचं. निकष चांगले आहेत. पण शेवटचा, 'कळीचं', मी वापरत नाही. मीटिंगमध्ये तो शब्द काढला की प्रत्येकाला आपापला कागद कळीचा वाटतो. तिसरा मात्र सोनं आहे. तुमच्याकडे ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स (कुठली मागणी कुठल्या डिझाइन, कोड, टेस्टशी जोडलीय त्याचा तक्ता) असेल, तर तिच्यात ज्यांना बाण जोडलेत ती सगळी तिसऱ्या निकषात बसतात, वेगळा विचार करायची गरज नाही.

आता तुम्ही विचारलेल्या गोष्टींपैकी निम्म्या एका वेगळ्याच जातीच्या आहेत. मिनिट्स, टेस्ट रिपोर्ट, ट्रेनिंगच्या नोंदी, रिव्ह्यूचे शेरे. हे एकदा घडतं आणि संपतं. १२ तारखेला टेस्ट झाली, तिचा निकाल लागला. तो निकाल 'सुधारून' त्याची पुढची आवृत्ती काढायची नसते. पुन्हा टेस्ट केली तर नवा रिपोर्ट होतो. अशा गोष्टींना मी नोंदी म्हणतो. त्यांना बेसलाइन लावणं म्हणजे पावतीला दुसरी आवृत्ती देण्यासारखं आहे. त्यांना वेगळं काही हवं असतं: तारीख, सापडेल अशी जागा, आणि नंतर कोणी फिरवू नये एवढा बंदोबस्त. डीओ-१७८सी मध्येही टेस्टचे निकाल, प्रॉब्लेम रिपोर्ट आणि क्वालिटीच्या नोंदी दुसऱ्याच वर्गात आहेत, अगदी ए पातळीलाही.

फक्त एक अट. टेस्ट रिपोर्टवर कुठली बिल्ड आणि टेस्ट केसेसची कुठली आवृत्ती तपासली ते लिहिलेलं हवं. ते नसेल तर रिपोर्ट कितीही जपून ठेवा, त्याचा उपयोग नाही. मी ऑडिटला गेलो की टेस्ट रिपोर्ट कुठे ठेवलाय हे नंतर विचारतो, आधी त्यावरचा बिल्ड नंबर शोधतो. दहातल्या तीन-चार ठिकाणी तिथे 'लेटेस्ट' असं लिहिलेलं असतं.

आता तुमच्या यादीत बहुधा नसलेल्या गोष्टींकडे येतो. पहिली, बिल्डचं वातावरण: कंपायलर आणि त्याची नेमकी आवृत्ती, फ्लॅग्ज, लायब्ररी, बिल्ड सर्व्हरची रचना. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरचं आयईसी ६२३०४ हे मानक सॉफ्टवेअरवर परिणाम करू शकणारी साधनं आणि सेटिंग्जही नियंत्रणाखाली घ्यायला सांगतं, आणि बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक तुकड्याचं नाव, बनवणारा आणि नेमकी आवृत्ती नोंदवायला लावतं. अशा सॉफ्टवेअरला तिथे 'सूप' म्हणतात, म्हणजे 'सॉफ्टवेअर ऑफ अननोन प्रोव्हेनन्स', उगम ठाऊक नसलेलं सॉफ्टवेअर. विनोदी वाटतं, पण समर्पक आहे, आत काय काय पडलंय ते ठाऊक नसतं.

हे फक्त वैद्यकीय क्षेत्रापुरतं राहिलेलं नाही. मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजेसच्या कोठारातून लेफ्ट-पॅड नावाचं जेमतेम ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरातल्या बिल्ड्स पडल्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतलं सुरक्षेचं छिद्र बाहेर आलं, तेव्हा प्रत्येक टीमपुढे पहिला प्रश्न दुरुस्तीचा नव्हता, 'हे आपल्याकडे कुठे कुठे आहे' हा होता. ज्यांची लॉक फाइल (वापरलेल्या लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) रिलीजच्या टॅगसोबत होती त्यांनी शोध मारला आणि कामाला लागले. आमच्याकडे त्या वेळी सहा उत्पादनं होती. पाचांचं उत्तर दुपारच्या जेवणाआधी आलं. सहाव्याचं तिसऱ्या दिवशी, कारण तिथे लायब्ररीची जार फाइल कोणीतरी कधीतरी हातानं फोल्डरमध्ये टाकली होती.

दुसरी, चालू सिस्टिममधल्या सेटिंग्ज: फीचर फ्लॅग्ज (सोयी चालू-बंद करणारे स्विच), कॉन्फिगरेशन फाइल्स, डेटाबेसचा स्कीमा, आणि कुठल्या सर्व्हरवर कोणती आवृत्ती आहे ही माहिती. नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर-व्यवहार कंपनीचं प्रकरण बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. १ ऑगस्ट २०१२. शेअरच्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीचा नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, एकावर चढलाच नाही. त्या आठव्यावर एक जुनं, वर्षानुवर्षं न वापरलेलं फंक्शन अजून पडून होतं, आणि नव्या कोडनं जो फ्लॅग वापरायला घेतला तोच पूर्वी त्या फंक्शनचा होता. बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला, आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. नवा कोड कुठे कुठे चढला हे दुसऱ्या कोणी तपासून पाहावं, अशी लेखी पद्धतच नव्हती, हे नंतर अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकानं आपल्या आदेशात नोंदवलं. अशा ठिकाणी कोड गिटमध्ये असला तरी काय उपयोग? फ्लॅगचा अर्थ आणि सर्व्हरवरची खरी स्थिती या दोन गोष्टी कोणाच्याही ताब्यात नव्हत्या.

सेटिंग्ज आत घ्या म्हटल्यावर कोणीतरी पासवर्डसकट फाइल रिपॉझिटरीत टाकतो. तसं करू नका. कुठलं गुपित कुठे लागतं ते नावानिशी नोंदवा. गुपित स्वतः त्यासाठीच्या तिजोरीत राहू द्या.

निवडीइतकाच महत्त्वाचा, पण क्वचित विचारला जाणारा प्रश्न म्हणजे केव्हा. रिक्वायरमेंटचा दस्तऐवज बेसलाइनखाली यायला हवा हे सगळे मान्य करतात आणि मग पहिल्या मसुद्यालाच कुलूप लावतात. मसुदा दिवसातून पाच वेळा बदलतो, तो बदलायलाच हवा. तोवर लेखकाच्या हाती राहू द्या, फक्त गिटमध्ये किंवा इतिहास ठेवणाऱ्या साधनात. रिव्ह्यू झाला, दुसऱ्या कोणीतरी त्यावर विसंबून काम सुरू केलं, की त्या क्षणी बेसलाइन. माझा नियम तारखेवर चालत नाही, दुसऱ्या माणसावर चालतो. डिझाइनला सुरुवात करणाऱ्यानं तो दस्तऐवज उघडला, की तो एकट्या लेखकाचा राहिला नाही. म्हणजे एकच गोष्ट आयुष्यात नियंत्रणाची पायरी (नोंद, नुसती आवृत्ती, किंवा बेसलाइन आणि मंजुरी) बदलते, आणि तुमच्या सीएम प्लॅनमध्ये प्रत्येक गोष्टीपुढे 'कुठल्या घटनेनंतर कुठली पायरी' असा रकाना असायला हवा.

आकाराबद्दल थोडक्यात. प्रत्येक फाइल म्हणजे वेगळा कॉन्फिगरेशन आयटम नव्हे. जे एकत्र बदलतं आणि एकत्र रिलीज होतं ते एक आयटम. डिझाइनचा दस्तऐवज आणि त्यातल्या १७ आकृत्या मिळून एक. पण आकृतीची संपादन करता येणारी मूळ फाइलसुद्धा आत हवी, नुसतं चित्र नको, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी ती आकृती पहिल्यापासून काढत बसेल.

हल्ली रिक्वायरमेंट दस्तऐवजात नसते, तिकिटांत (कामं नोंदवायच्या साधनातल्या नोंदींत) आणि विकीवर असते. मग बेसलाइन कशाची? याला एकच उत्तर नाही. साधन इतिहास ठेवत असेल तर रोजच्या कामाला तेवढं पुरतं. रिलीजच्या दिवशी मात्र त्या रिलीजमध्ये आलेल्या तिकिटांची यादी आणि त्या वेळचा मजकूर बाहेर काढून टॅगसोबत ठेवा, कारण तिकीट बंद झाल्यावरही लोक त्यातलं वर्णन बदलतात. मी स्वतः एक्सपोर्ट करणारी छोटी स्क्रिप्ट रिलीजच्या पाइपलाइनमध्येच लावून टाकतो. हातानं करायचं ठेवलं की तिसऱ्या रिलीजला विसरलं जातं.

बरंच काही परिस्थितीवर आहे, ते लपवत नाही. ग्राहकाच्या करारात 'हे दस्तऐवज सुपूर्द करायचे' अशी यादी असेल तर ते सगळे बेसलाइनखाली, तिथे चर्चा नाही. उत्पादन जिवाशी खेळणारं असेल तर शंका असेल तिथे वरची पायरी. १४ जण एका खोलीत बसून वर्षभराचं वेब ॲप करत असतील तर बऱ्याच ठिकाणी पुल रिक्वेस्टवर (आपला बदल मुख्य कोडात घेण्याच्या विनंतीवर) दुसऱ्याचा होकार हीच मंजुरी, वेगळ्या सीसीबीची गरज नाही. तीच टीम तीन ठिकाणी विखुरली किंवा उत्पादन पंधरा वर्षं चालवायचं असलं, की हिशेब बदलतो. माझे अनुभव दीर्घायुषी उपकरणांतले आहेत, म्हणून माझा कल किंचित जास्त जपण्याकडे आहे, तेवढं वजा करून वाचा.

प्रत्यक्षात मी बसतो ते असं. यादी छापून घेतो आणि तीन माणसांना बोलावतो: एक डेव्हलपर, एक टेस्टर आणि सपोर्टमधलं कोणीतरी. सपोर्टचं माणूस फार महत्त्वाचं, कारण रात्री दोन वाजता जुन्या रिलीजमध्ये काय होतं हे तेच शोधत असतं. मॅनेजरांना पहिल्या बैठकीला बोलावत नाही. प्रत्येक ओळीवर ते दोन प्रश्न, दोन मिनिटांत ठरलं नाही तर पुढे. शेवटच्या अर्ध्या तासात यादी बाजूला ठेवायची आणि विचारायचं: "शेवटचं रिलीज कोऱ्या मशीनवर उभं करायचंय, काय काय लागेल?" मग टेस्टर म्हणतो, अरे तो टेस्ट डेटा. डेव्हलपर म्हणतो, लायसन्स सर्व्हरची फाइल. फळा भरत जातो. मागच्या वेळी ५८ गोष्टींच्या यादीतून ९ बेसलाइन आणि मंजुरीला गेल्या, २० नुसत्या आवृत्तीवर, १७ नोंदी म्हणून, आणि १२ एकमेकांत मिसळल्या किंवा काढून टाकल्या. आणि यादीत नसलेल्या सात नव्या आल्या, त्यांपैकी पाच थेट सगळ्यात वरच्या पायरीवर.

यादी बरोबर आहे की नाही हे चर्चेत कळत नाही. आठवड्यानं एका कोऱ्या मशीनवर, ज्यानं तो कोड लिहिलेला नाही अशा माणसाला फक्त सीएमखालच्या गोष्टी देऊन मागचं रिलीज बांधायला सांगा. तो जितक्या वेळा उठून कोणाला काही विचारायला जाईल, तितक्या गोष्टी यादीतून सुटल्यात. पहिल्या खेपेला एकही फेरी न मारता बिल्ड झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

अप्रेझलची काळजी कमी करायला: येणारे लोक 'किती घेतलं' हे मोजत नाहीत. निवडीचे निकष लिहिलेत का आणि तसंच वागता का, हे पाहतात. सीएम प्लॅनमध्ये अर्धं पान पुरतं. तीन पायऱ्या, प्रत्येकीचा अर्थ, ते दोन प्रश्न, आणि प्रत्येक आयटमचा मालक. ६४ गोष्टी घेतल्या आणि ४० ची नोंद अद्ययावत नसली तर मॅनेजरांना जे बोट नको होतं ते तिथेच ठेवलं जाईल.

आता तुमच्या पाच गोष्टी. मिनिट्स: नोंद. पण मिनिट्समध्ये 'फील्ड १० अक्षरांचं करायचं ठरलं' असं असेल तर तो निर्णय इंटरफेसच्या दस्तऐवजात त्याच दिवशी गेला पाहिजे, मिनिट्स निर्णयाचं घर नव्हे. ईमेललाही हेच लागू. टेस्ट रिपोर्ट: नोंद, बिल्ड नंबरसकट. टेस्ट केसेस मात्र आवृत्तीवर, आणि ग्राहकानं मान्य केल्या असतील तर बेसलाइन. ट्रेनिंगच्या नोंदी: एचआरकडे असतील तर तुमच्या यादीतून काढाच. एस्टिमेशनचं एक्सेल: रोजच्या फेरफाराला फक्त आवृत्ती, पण ज्या आकड्यावर ग्राहकाशी वचन झालं ती प्रत गोठवून ठेवा, सहा महिन्यांनी ती हमखास लागते.

राहिल्या त्या दोन डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट. त्यांच्यासाठी बैठक, निकष, प्लॅन कशाचीही वाट पाहू नका. सहकाऱ्याला आजच त्या रिपॉझिटरीत टाकायला सांगा, आणि टाकण्याआधी त्यात कुठे पासवर्ड तर नाही ना लिहिलेला, हे दोघांनी मिळून एकदा पाहा.